मुडिगेरेजवळचा कॉफी होमस्टे आणि त्यांची पावडर : रेट डबल का झाला तेही लिहितोय

आधी थोडक्यात सांगतो, ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांच्यासाठी. कर्नाटकातल्या चिक्कमगळूर जिल्ह्यात मुडिगेरे आहे, त्याच्याजवळची ही जागा मस्त, जेवण एक नंबर, रूम साध्या, आणि कॉफी पावडर अशी की घरी आल्यावर दुसरी चालत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार शेवटच्या दोनेक किलोमीटरच्या रस्त्यासाठी आणि कुरियरच्या पॅकिंगसाठी कापलाय.

पण हा रिव्ह्यू लांबणार आहे. माझ्या सांगण्यावरून आमच्या सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच लोकांनी तिथनं पावडर मागवायला सुरू केली आणि आता त्यातलेच निम्मे फोन करून म्हणतात, "अरे साडेतीनशे रुपये किलो होती की, आता सातशे? गिऱ्हाईक वाढलं तसं माजले काय?" हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं, कारण मी तिथं राहिलोय, बागेत फिरलोय, मालकांबरोबर व्यापाऱ्याच्या डेपोत जाऊन आलोय, आणि सातशे रुपयांतले किती कुणाच्या खिशात जातात ते बघितलंय. तर त्यावरही लिहितो.

होमस्टेचं नाव टाकत नाही कारण मालकांनीच नको म्हटलंय. तीनच रूम आहेत, गर्दी त्यांना झेपत नाही, आणि हा सगळा हत्तींचा पट्टा असल्यामुळं रात्री-अपरात्री अनोळखी गाड्या बागेतनं फिरलेल्या त्यांना नको असतात. खरंच जायचं असेल तर मला मेसेज करा, नंबर देतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि त्यांच्या मिसेसना अक्का. माझी बायको बेळगावची असल्यामुळं कन्नडमध्ये गप्पा चांगल्या रंगल्या, पण अण्णांचं हिंदी व्यवस्थित आहे, कन्नड येत नाही म्हणून कुणाचं अडणार नाही.

जायचं कसं? गाडीनं जाणार असाल तर बेळगाव, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, तिथनं शिवमोगा, तरीकेरे, चिक्कमगळूर आणि पुढं मुडिगेरे. रेल्वेनं मिरजेतनं राणी चन्नम्मा पकडून बीरूरला उतरायचं आणि पुढं बस किंवा टॅक्सी. मुडिगेरेपासून कोट्टिगेहाराच्या रस्त्याला लागलं की आत वळायचं, तिथनं पुढचा रस्ता म्हणजे नुसते दगड. लहान गाडी असेल तर पावसाळ्यात नेऊच नका, अण्णा जीप पाठवतात. जाताना कोट्टिगेहाराला नीर डोसा खायला थांबा, ते गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

रूमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वच्छ चादरी, जाड रजया, अंघोळीला चुलीवरच्या हंड्याचं गरम पाणी आणि ते सकाळीच, संध्याकाळी पाहिजे असेल तर आधी सांगावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते आणि बागेत जळवा असतात, मीठ-तंबाखूची पुरचुंडी अक्काच देतात. मोबाईलला रेंज नाहीच म्हणा, बीएसएनएल थोडंफार चालतं. ज्यांना टीव्ही, स्विमिंग पूल, रात्री बोनफायरभोवती डीजे असलं काही पाहिजे त्यांनी चिक्कमगळूरजवळची मोठी रिसॉर्ट बघावीत, इथं येऊन चिडचिड करू नये.

जेवण मात्र! तांदळाच्या पिठाची अक्की रोटी, खोबऱ्याची चटणी, कडबू (तांदळाचे उकडलेले गोळे), अळूच्या पानांचं पत्रोडे (आपल्या अळूवडीची सख्खी बहीण, फक्त डाळीच्या पिठाऐवजी तांदूळ वाटून), पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची आमटी. आणि दिवसातनं चार वेळा कॉफी, तीही गुळाची. मलनाडात (कर्नाटकातला हा घाटाचा पट्टा) जुन्या घरांमध्ये कॉफीत गूळच घालतात. आम्ही कोल्हापुरी गुळाची ढेप घेऊन गेलो होतो, अक्कांनी लगेच त्यातला खडा फोडून डिकॉक्शनमध्ये (फिल्टरमधनं उतरलेल्या दाट कॉफीत) टाकला आणि ती कॉफी अशी झाली की माझ्या आईनं, जी आयुष्यभर जायफळ-वेलचीची दुधाळ कॉफी सोडून कशाला हात लावत नाही, तिनं दुसरा लोटा मागितला.

आता पावडर. अण्णांची बाग साधारण चार एकर, जवळपास सगळी रोबस्टा (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांतला कडक प्रकार, दुसरा अरेबिका), झाडं एस-२७४ आणि काही सीएक्सआर जातीची. वर सिल्व्हर ओक आणि फणसाची सावली, ओकच्या खोडावर मिरीचे वेल. रोबस्टा म्हटल्यावर कॉफीतले जाणकार नाक मुरडतात, त्यांना अरेबिकाच पाहिजे असतं. पण आपल्यासारख्या दुधात कॉफी पिणाऱ्यांसाठी रोबस्टाच बरी, दुधात हरवत नाही. यांची प्युअर पावडर कडक आहे, कडूपणा आहे पण जळकट नाही, मागं थोडी कोकोसारखी चव राहते. दुसरं पाकीट ८०-२० चं, म्हणजे वीस टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ते एक भाजलेलं मूळ), ते फिल्टरला छान आणि रंग दाट येतो. बाजारातल्या इन्स्टंटच्या पाकिटावर किंवा बाटलीवर बारीक अक्षरं वाचा कधीतरी, कायद्यानं कॉफी-चिकोरी मिक्समध्ये ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि बरीच स्वस्त पाकिटं त्या आकड्याच्या जवळपासच असतात. तुम्ही कॉफीचे पैसे देता आणि निम्मं गुजरातेतलं भाजलेलं मूळ पिता. चिकोरीला माझा विरोध नाही, पण दोन पाकिटांचा रेट कम्पेअर करताना आत काय आहे ते बघून करा एवढंच.

तक्रार म्हणाल तर ग्राइंड. भाजणं-दळणं अण्णा मुडिगेरेतल्या रोस्टरकडून जॉबवर करून घेतात, त्यामुळं कधी पावडर बारीक येते, कधी जाड. फिल्टरमध्ये अतिबारीक पावडर तुंबते. ऑर्डर देताना फिल्टरसाठी की साधी उकळून प्यायची ते सांगा. आणि कुरियरला साधी पिशवी असते, एकदा आमचं पाकीट कोपऱ्यात फाटून अख्ख्या बॉक्सला वास लागलेला. त्यांनी काही न बोलता दुसरं पाठवलं, पण पॅकिंग सुधारलं पाहिजे.

आता रेटचं बोलू.

अण्णा माल दोन पद्धतीनं विकतात. बहुतेक माल 'चेरी' म्हणून व्यापाऱ्याला, म्हणजे तोडलेली फळं सालीसकट उन्हात वाळवून पन्नास किलोच्या पोत्यात. आणि थोडासा माल स्वतः सोलून, भाजून तुमच्या-आमच्यासाठी. चेरी वाळवायचं काम आम्ही बघितलं, अंगणातल्या सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर पसरायचा आणि दिवसभर लाकडी फावड्यानं खालीवर करत राहायचं. वाळली का ते बघायला अक्का मूठभर फळं कानाशी धरून हलवतात, आत बी खुळखुळली की झालं. खुळखुळली नाही आणि पोत्यात भरली तर बुरशी, आणि मध्येच जानेवारीचा अवकाळी आला तर ताडपत्री घेऊन घरातली सगळी माणसं पळतात. हे बघताना मला आमच्या बेदाण्याच्या शेडची आठवण आली, ढग दिसले की पोटात गोळा येतो तो तसाच.

मग डेपो. व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून नमुना काढतो, मीटरवर ओलावा बघतो, थोडी चेरी छोट्या मशीनमध्ये सोलून निघालेली बी वजन करतो. पन्नास किलो चेरीत किती किलो स्वच्छ बी निघेल तो आकडा म्हणजे आउटटर्न. सव्वीस निघाला तर सव्वीस, अठ्ठावीस निघाला तर अठ्ठावीस, आणि त्या आकड्याला दिवसाच्या रेटनं गुणायचं. अण्णा तिथं वजनकाट्याकडे बघत गप्प उभे होते. आउटटर्नच्या एका पॉइंटनं, म्हणजे एका किलोनं, पोत्यामागं शेकडो रुपये इकडचे तिकडं होतात. आणि तो दिवसाचा रेट कुठनं आला? व्यापाऱ्याच्या मोबाईलवरनं. त्यावर लंडनच्या रोबस्टा वायद्याचा (पुढच्या महिन्यांतल्या मालाच्या आत्ताच होणाऱ्या सौद्यांचा) आकडा, डॉलर प्रति टन. मुडिगेरेच्या डेपोत चार पोती घेऊन आलेल्या माणसाचा भाव लंडनच्या स्क्रीनवर ठरतो, आणि त्या स्क्रीनवरचा आकडा ब्राझीलमध्ये थंडी किती पडली आणि व्हिएतनाममध्ये पाऊस किती झाला यावर हलतो.

२०२० च्या आसपास तो आकडा तेराशे डॉलरच्या घरात होता. २०२१ च्या जुलैत ब्राझीलमध्ये दंव पडून बागा जळाल्या, तिथनं चढ सुरू झाली. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. आपल्या देशातली सत्तरेक टक्के कॉफी बाहेर जाते, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली, म्हणजे हा वळसा थेट आपल्याच मालाला. मग २०२४ मध्ये व्हिएतनामला दुष्काळ, तिथले शेतकरी आधीच कॉफी काढून ड्युरियन (फणसासारखं फळ) लावत होते कारण त्याला चीनमध्ये भाव. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनचा रोबस्टा पाच हजार डॉलरच्या वर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अरेबिकानं १९७७ पासूनचं रेकॉर्ड मोडलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलर ओलांडले.

इकडं चेरीचं पोतं २०२० ला साडेतीन हजारांच्या आसपास होतं ते एप्रिल २०२४ मध्ये दहा हजारांच्या पुढं गेलं. आता साधा हिशोब करा, मी अण्णांच्या ओट्यावर बसून वहीत केला तोच देतो. पन्नास किलो चेरीतनं सव्वीस किलो बी. भाजताना शंभर किलोचे त्र्याऐंशीच उरतात, ओलावा उडून जातो. म्हणजे एका पोत्यातनं साधारण साडेएकवीस किलो पावडर. साडेतीन हजारांचं पोतं असताना एक किलो पावडरीत नुसत्या बियांचे १६२ रुपये होते. दहा हजारांचं पोतं झाल्यावर तेच ४६३. रेट वाढला साडेतीनशे, त्यातले तीनशे बियांचेच. राहिलेल्या पन्नासात सोलाई, निवडणं, भाजणावळ, पाऊच, डिझेल, सगळ्याची चार वर्षांची महागाई. ते सगळी चेरी व्यापाऱ्याला घालून घरी निवांत बसले असते तरी बियांचे तेवढेच मिळाले असते, उलट पाकिटं भरायचा, कुरियरला पळायचा ताप नसता. तुम्हाला जुन्या रेटनं देत राहायचं म्हणजे किलोमागं तीनशे रुपये स्वतःच्या खिशातनं घालायचे. कुणी का घालावेत?

मग लोक म्हणतात, "म्हणजे शेतकरी मालामाल झाला की!" इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. रोबस्टाची तोडणी जानेवारी ते मार्च. तोडणीला आसामहून मजूर येतात, त्यांना उचल आधी द्यावी लागते, खताच्या दुकानाची उधारी असते, मुलाची कॉलेजची फी असते. त्यामुळं चार एकरवाला माणूस माल धरून बसू शकत नाही, खळ्यावरनं थेट डेपोत. २०२४ ला पोतं दहा हजारांच्या वर गेलं तोवर अण्णांचा निम्म्याच्या वर माल गेलेला होता, आणि सप्टेंबरात लंडननं उच्चांक केला तेव्हा गोडाऊनमध्ये फक्त आमच्यासारख्यांच्या पावडरीपुरती पोती. ज्यांच्याकडं शंभर-दोनशे एकर आहेत, स्वतःचं गोडाऊन आणि बँकेची लिमिट आहे, त्यांनी धरला आणि त्यांना मिळाला. आपल्या देशात दहा हेक्टरच्या खालचे बागायतदार संख्येनं ९९ टक्के आहेत आणि जवळपास सत्तर टक्के कॉफी तेच पिकवतात, पण भाव कधी घ्यायचा हे ठरवण्याची ताकद उरलेल्यांकडं जास्त. पुढच्या हंगामात भाव चांगला होता तर २०२४ च्या जुलैच्या पावसानं फळगळ इतकी झाली की अण्णांची पोतीच कमी भरली. आणि मग २०२५ च्या जुलैत लंडन परत साडेतीन हजारांच्या खाली. महिनाभरानं अमेरिकेनं ब्राझीलवर ५० टक्के टॅरिफ लावलं, भाव परत उसळला, नोव्हेंबरात कॉफीवरचं टॅरिफ काढलं. अण्णा म्हणाले, त्या दिवसांत व्यापारी सकाळी एक रेट सांगायचा, दुपारी म्हणायचा आज घेत नाही, उद्या या.

उसाला निदान एफआरपी (कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर) आहे, कारखान्यानं थकवली तर मोर्चा काढता येतो. कॉफीला हमीभाव नाही. पूर्वी कॉफी बोर्डाचा पूल होता, सगळा माल बोर्डालाच द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. अण्णांचे वडील त्याला वैतागलेले असायचे, कारण एका पिकाचे पैसे पुरते यायला दुसरं पीक फुलायचं. नव्वदच्या दशकात ते टप्प्याटप्प्यानं मोकळं केलं, १९९६ पर्यंत पूर्ण. नेमकं १९९४ ला ब्राझीलमध्ये दंव पडून भाव वर होता, सगळ्यांना वाटलं आता सुटलो, अण्णांनी घराची पुढची पडवी तेव्हाच बांधली. पण जगाच्या पातळीवर देशादेशांचा कोटा ठरवून भाव सांभाळणारा करार १९८९ लाच मोडलेला होता, आणि व्हिएतनाम जोरात लागवड करत होता. २००१-०२ ला भाव असा पडला की महागाई धरून शंभर वर्षांतला नीचांक म्हणत होते. त्या दोन वर्षांत अण्णांनी सिल्व्हर ओक तोडून विकले आणि मिरीवर घर चालवलं. पडवीतल्या त्या खोल्या पुढं होमस्टे झाल्या त्या याच कारणानं, नुसत्या कॉफीवर परत कधी अवलंबून राहायचं नाही म्हणून.

आता नवीन डोकेदुखी युरोपच्या जंगलतोडीच्या कायद्याची. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या बागेतली कॉफी युरोपात घेणार नाहीत, आणि प्रत्येक मालाबरोबर बागेचं लोकेशन द्यायचं. अंमलबजावणी दोनदा पुढं ढकललीय पण तयारी आत्ताच करावी लागते, कॉफी बोर्डानं त्यासाठी ॲपवर नोंदणी सुरू केलीय. हेतू चांगला आहे, मी विरोधात नाही. पण अण्णांची बाग त्यांच्या आजोबांपासूनची सावलीतली, २०२० नंतर तिथं जंगलाचं एक झाड तोडलेलं नाही, आणि तरी नोंदणी अडली, कारण आपल्या सातबारासारखी तिकडं जी पहाणी असते त्यावर अजून आजोबांचं नाव आणि भावकीतले पाच वारस. जंगल कुणी तोडलं नाही, पण सिद्ध करायचा खर्च आणि तालुक्याच्या खेपा चार एकरवाल्याच्या माथी. मोठ्या इस्टेटीकडं त्यासाठी ऑफिस असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ही पावडर सातशेला महाग नाही. कपाला दहा ग्रॅम धरली तर सात रुपये पडतात. मॉलमधल्या कॅफेत अडीचशेचा कप आपण घासाघीस न करता पितो, त्यात बागायतदाराच्या वाट्याला काही रुपयेच येतात, आणि इथं जवळपास सगळे पैसे थेट घरात जातात तर आपण फोन करून पन्नास रुपये कमी करा म्हणतो. आणि उद्या लंडन पडलं, पोतं परत पाच-सहा हजारांवर आलं, तर "आता रेट उतरवा" म्हणून त्यांच्या मागं लागू नका, प्लीज. व्यापारी रेट पाडेलच. आपल्यासारखी दीड-दोनशे घरं त्या वर्षात ठरलेल्या रेटनं घेत राहिली तर त्यांना परत झाडं विकावी लागणार नाहीत. मी अण्णांना सुचवलंय की वर्षाचा एकच रेट मार्चमध्ये सांगून टाका, आम्ही निम्मे पैसे आगाऊ देतो. त्या उचलीवर तोडणीचे मजूर भागतील आणि थोडा माल धरता येईल. ते तयार आहेत, आमच्याकडची बावीस घरं तयार आहेत, अजून कुणाला यायचं असेल तर सांगा.

ऑर्डरचं असं आहे, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा, रेंजमुळं उत्तर संध्याकाळी येतं, दोन-तीन दिवस धीर धरा. कमीत कमी दोन किलो घ्या म्हणजे कुरियर परवडतं. घरी ग्राइंडर असेल तर भाजलेली बी मागवा, वास जास्त दिवस टिकतो. मिरीही मागवा, ती काळी मिरी आपल्या किराणा दुकानातल्या मिरीच्या दुप्पट तिखट आहे. आणि राहायला जायचं तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये, पहिला वळीव पडला की आठवड्याभरात अख्खी बाग पांढरी होते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो, पण तो बहर चार दिवसांचा, त्यामुळं तारीख आधी ठरवू नका, अण्णांना सांगून ठेवा, पाऊस झाला की ते फोन करतात. जानेवारीत नका जाऊ, तोडणी ऐन भरात असते, अक्कांना पाहुण्यांकडं बघायला वेळ नसतो.